कॅम्पर व्हॅनमधला एसी: जनरेटर घ्यायचा की प्लग शोधायचा?

प्रश्न: जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर करून घेतली आहे. आरटीओत तशी नोंदही झाली आहे. वर्षाला साधारण २८ रात्री गाडीत झोपतो. त्यातल्या एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या मिळून १२ रात्री, बहुतेक कोकणात, एसीशिवाय निघत नाहीत. घरातला दीड टनाचा जुना स्प्लिट एसी गाडीत बसवायचा विचार आहे. त्यासाठी ३ केव्हीएचा पेट्रोल इन्व्हर्टर जनरेटर १,६२,००० रुपयांना मिळतोय. दुसरा पर्याय म्हणजे ५ युनिटची लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्जर. त्याचे २,५५,००० सांगितलेत आणि तेवढं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी मिळेल. एफडीत ४,१०,००० आहेत, घरखर्च महिना ७८,०००, जूनमध्ये मुलीची ९०,००० फी. काय घ्यावं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आत्ता दोन्हीपैकी काहीच घेऊ नका. आणि तो दीड टनाचा एसी गाडीत बसवायचा बेत आधी सोडा, कारण तुमचा सगळा हिशेब त्याच्यापायी फुगलाय.

जुना, इन्व्हर्टर नसलेला दीड टनाचा एसी चालू असताना १,६०० ते १,७०० वॅट खातो. पण खरी अडचण कॉम्प्रेसर सुरू होतानाची. त्या क्षणी तो चालू करंटच्या चार-पाच पट, म्हणजे ३० अँपिअरच्या वर ओढतो. ३ केव्हीएचा जनरेटर देतो जेमतेम १३. ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो, सप्लाय तुटतो, आणि थर्मोस्टॅटने कॉम्प्रेसर पुन्हा मागितला की तेच. सॉफ्ट स्टार्टर बसवून सुरुवातीचा झटका कमी करता येतो, पण पेट्रोल तेवढंच जळतं. थोडक्यात, एसी फुकटात मिळाला म्हणून जनरेटर एक माप मोठा घ्यायचा, असा हा व्यवहार आहे.

तुमच्या गाडीच्या केबिनला एक टनाचा पाच-स्टार इन्व्हर्टर एसी पुरतो. तो हळूहळू वेग घेतो, त्यामुळे झटका नाही. सुरुवातीला ९०० ते १,००० वॅट, केबिन गार झाली की ४०० ते ५००. किंमत ३५ ते ४० हजार. मे महिन्यात कोकणातल्या गावात संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत घसरतं, तेव्हा जुना कॉम्प्रेसर नुसता घुमतो. इन्व्हर्टरवाला बहुधा तग धरतो. एसी गाडीत चढवण्याआधी हजारभर रुपयांचा प्लगमधला वॅटमीटर लावून एक रात्र घरीच चालवा आणि सकाळी किती युनिट झाले ते लिहून ठेवा. पुढचे सगळे आकडे त्यावर ठरतील.

आता पैशांकडे. पाच वर्षं म्हणजे एसीच्या ६० रात्री. १,६२,००० चा जनरेटर पाच वर्षांनी ६० हजारांना गेला असं धरू. घट १,०२,०००. एफडीवर कर जाऊन ५ टक्के सुटत असतील, तर बुडालेलं व्याज सुमारे ४०,५००. सर्व्हिसिंग वर्षाला ३,०००. एकूण १,५७,५००, म्हणजे रात्रीला २,६२५. त्यात ताशी ०.८ लिटरने आठ तासांचं ६.४ लिटर पेट्रोल, १०४ रुपये दराने ६६५. एका रात्रीच्या गारव्याचे झाले ३,२९० रुपये. एवढ्यात एसी खोली मिळते, तीही आवाजाविना आणि न्हाणीघरासकट.

एक टनाच्या एसीला २ केव्हीएचा जनरेटर पुरतो. पाटीवरचा ‘२ केव्हीए’ हा कमाल आकडा असतो. सलग १,६०० ते १,८०० वॅट देतो का, तेवढं पाहा. त्याचे ८५,००० धरले आणि पाच वर्षांनी ३० हजार आले, तर घट, व्याज आणि सर्व्हिसिंग मिळून वर्षाला १७,७५० पडतात. पेट्रोल रात्रीला साडेचार लिटरच्या आत, ४६० रुपये. खोलीचं भाडं २,५०० धरलं तर जनरेटरवर काढलेली प्रत्येक रात्र सुमारे २,०४० वाचवते. १७,७५० भागिले २,०४०, म्हणजे जवळपास नऊ. प्लग मिळालाच नाही अशा नऊ रात्री वर्षात येत असतील, तरच छोटा जनरेटर परवडतो. ३ केव्हीएसाठी हाच आकडा सतरा येतो. तुमच्या एसीच्या रात्रीच बारा.

आणि त्या बारांपैकी प्लगविना किती? होमस्टे, आंबा-काजूच्या बागेतलं घर, मोठा ढाबा, जिथे जागा विचारून गाडी लावता तिथे १६ अँपिअरचा पॉवर प्लग बहुतेक असतो. राज्याच्या २०२१ च्या कॅरॅव्हॅन धोरणातही कॅरॅव्हॅन पार्कमध्ये विजेची सोय धरलेली आहे. रात्रभराचे चार-पाच युनिट म्हणजे मालकाला पन्नास-साठ रुपयांची वीज. ४०० रुपये पुढे केले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

गाडीत यासाठी लागतं ते असं: बाहेरच्या बाजूला झाकणाचा १६ अँपिअर इनलेट, २० मीटर तीन-कोअर अडीच चौरस मिलिमीटरची केबल, आत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की तोडणारा). मजुरीसकट १२ हजार धरा. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून एसी लावू नका. आतले वेढे तापून इन्सुलेशन वितळतं. पूर्ण उलगडायची. अर्थिंग तपासायचा तीन दिव्यांचा टेस्टर दोनशे-तीनशेला मिळतो, तो गाडीतच ठेवा. जांभा दगडात मे महिन्यापर्यंत अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो. टेस्टरने अर्थ दाखवली नाही तर तो प्लग आपला नाही. उरलेले पैसे टपावर घाला: पत्र्याच्या आतून १९ मिलिमीटर नायट्राइल फोम (उष्णता अडवणारा रबरी थर) आणि काचांना चंदेरी पडदे, १५ हजारांच्या आसपास. दिवसभर तापलेला पत्रा रात्री अकरापर्यंत आत उष्णता सोडत असतो. एसीचा पहिला तास त्याच्याशीच भांडण्यात जातो.

लिथियमचं थोडक्यात सांगतो. हप्ता ८,७०० च्या आसपास, तीन वर्षांत व्याजच ५८,७००. पाच युनिटच्या बॅटरीतून इन्व्हर्टरची घट जाऊन हाती चार युनिट येतात. दमट हवेत पहाटेपर्यंत तेही संपतील. अल्टरनेटरवरचा, म्हणजे गाडीच्या इंजिनवर फिरणाऱ्या वीजजनित्रावरचा, ३० अँपिअरचा डीसी चार्जर चार तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये दीड युनिट भरतो. गुहागरला दोन रात्री मुक्काम केलात तर दुसऱ्या रात्री बॅटरी भरायलाही प्लगच लागणार. पंखे, दिवे, मोबाइल यांच्यासाठी १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची एक लिथियम बॅटरी पुष्कळ झाली. मौजेच्या वस्तूसाठी १४ टक्क्यांचं कर्ज तर अजिबात नको.

एफडीचंही बघा. फी भरल्यावर ३,२०,००० उरतात, म्हणजे चार महिन्यांचा घरखर्च. त्यातून मोठा जनरेटर घेतला की उरले दोन महिने. एसी, प्लग आणि फोम मिळून ६५ हजार गेले तरी तीन महिन्यांहून जास्त रक्कम राहते. ती सहा महिन्यांवर येईपर्यंत गाडीवर नवा खर्च काढू नका.

जनरेटरच्या विरोधात एक गोष्ट पैशांत मोजता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये एसी लावून झोपलेले दोघे मृत सापडले. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्याला जाग येत नाही. म्हणून जनरेटर गाडीखालच्या पेटीत किंवा मागच्या कॅरिअरवर ठेवून चालवायचाच नाही. किमान सहा मीटर लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, धुराड्याचं तोंड गाडीपासून वळवून; आणि उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. लांब ठेवला की चोरीची धास्ती, पावसाची धास्ती. शिवाय निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि चांगला इन्व्हर्टर जनरेटरही सात मीटरवर ५० ते ६० करतो. तुम्हाला तो हवाय नेमका त्याच वेळात.

तुमची गाडी डिझेलची, त्यामुळे पेट्रोल वेगळं न्यावं लागणार. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये द्यायला बरेच पंप नकार देतात. धातूचा जेरीकॅन लागतो, आणि तो झोपायच्या जागेत ठेवता येत नाही. विम्याचंही विचारून घ्या. गाडीत पक्का बसवलेला एसी पॉलिसीत विजेवरची अॅक्सेसरी म्हणून किमतीच्या साधारण ४ टक्के जादा प्रीमियमवर घालता येतो. सुटा जनरेटर मात्र सामानात मोजला जातो. तो चोरीला गेला तर गाडीच्या पॉलिसीतून भरपाईची आशा धरू नका.

येत्या एप्रिल-मेमध्ये एका वहीत प्रत्येक रात्रीपुढे ‘प्लग होता’ किंवा ‘नव्हता’ एवढंच लिहा. ऑक्टोबर धरून ‘नव्हता’ नवाच्या वर गेले तर २ केव्हीए खुशाल घ्या. दुकानदार बल्ब लावून दाखवेल, त्यावर भुलू नका. १,५०० वॅटची इस्त्री किंवा हीटर अर्धा तास लावा आणि मल्टिमीटरवर व्होल्टेज २२० च्या खाली येत नाही ना ते पाहा. या छोट्या जनरेटरांत न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, त्यामुळे गाडीतला आरसीसीबी असूनही काम करेलच असं नाही. इलेक्ट्रिशियनकडून जनरेटरच्या बाजूलाच न्यूट्रल-अर्थ जोडणीचा प्लग करून घ्या. गावच्या प्लगवर असताना तो काढलेला हवा. पहिलं ऑइल २० तासांनी बदला, पुढे दर १०० तासांनी. सहल संपली की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपणहून थांबेपर्यंत चालू द्या. इथेनॉलमिश्रित पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चार महिने राहिलं की जेट, म्हणजे त्यातलं पेट्रोलचं बारीक छिद्र, तुंबतो, आणि पुढच्या एप्रिलमध्ये दोरी ओढून खांदा दुखतो.