स्पॅनिशमधे 'मेस'चं अनेकवचन 'मेसेस', मग 'लुनेस'चं 'लुनेसेस' का नाही?

नाही होत, 'लुनेस'चं अनेकवचन 'लुनेस'च राहतं, फक्त शब्दाआधीचं आर्टिकल बदलतं, म्हणजे 'एल लुनेस' एक सोमवार आणि 'लोस लुनेस' सगळे सोमवार किंवा दर सोमवारी. आपलं एक लाडू, चार लाडू होतं ना, तसंच. कारण असं की शब्द एसने संपत असेल तर जोर कुठे पडतो ते बघायचं, शेवटच्या अक्षरावर (अक्षर म्हणजे इथे सिलॅबल, 'लु-नेस'मधे दोन, 'मेस'मधे एकच) जोर नसेल तर शब्द जसाच्या तसा ('लु' वर जोर आहे, 'क्रिसिस' मधे 'क्री' वर, छत्रीला 'पाराग्वास' म्हणतात त्यात 'रा' वर), आणि जोर शेवटी असेल किंवा शब्दच एका अक्षराचा असेल तर ईएस लागतं. म्हणून मेस-मेसेस (महिना हो, सदाशिव पेठेतली मेस नाही) आणि आउतोबुस-आउतोबुसेस, आणि हो, आउतोबुसच्या यू वरचं ते तिरकं चिन्ह अनेकवचनात काढायचं, तिथे परीक्षेत हमखास मार्क जातात.

मी डेक्कनला बिगिनर बॅच घेते, हा गोंधळ दर बॅचला होतो. फक्त एक लक्षात ठेवा, हे सगळ्या वारांना लागू नाही, सोमवार ते शुक्रवार एसने संपतात म्हणून तसेच राहतात पण शनिवार-रविवार ओ ने संपतात, त्यांना साधा एस लागतो: साबादोस, दोमिंगोस.