सोसायटीची ड्रेनेज लाइन न खोदता बदलता येते का?

तुम्ही विचारलंय की पार्किंगखालची 25 वर्षांची सहा इंची ड्रेनेज लाइन पेव्हिंग ब्लॉक न उखडता बदलता येईल का, आणि येत असेल तर कोणत्या पद्धतीने. बदलता येते. पण 'न खोदता' हे शब्द ऐकले की मला अजून आमची नहाणी आठवते, म्हणून लिहायला बसले.

आम्ही सोलापूरला, तळमजल्यावर राहतो. माझ्या वडिलांनी, आबांनी, सगळा जन्म पाइपलाइनच्या कामावर मिस्त्री म्हणून काढला. आमच्या सोसायटीची जुनी स्टोनवेअरची, म्हणजे भाजलेल्या मातीच्या पाइपांची, लाइन सारखी चोकअप व्हायची. खाली काळी माती. उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि पाइपांचे सांधे सुटतात. त्या सांध्यांतून अशोकाची मुळं आत शिरली होती.

मीटिंगमध्ये कमिटीने एक ठेकेदार आणला. ड्रिल तिरकं जमिनीत शिरवायचं, पलीकडच्या खड्ड्यातून बाहेर काढायचं, मग रीमरने भोक मोठं करत बेंटोनाइट मातीच्या चिखलातून एचडीपीईचा, म्हणजे प्लास्टिकचा, पाइप मागे ओढायचा. दोन दिवसांत काम, ब्लॉकला धक्का नाही. आबांनी एकच प्रश्न विचारला, "ढाळ कसा धरणार?" अध्यक्ष म्हणाले, "आबा, आता कोण खोदत बसतं? जमाना बदलला." मिनिट्समध्ये लिहिलं गेलं, 'ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप तांत्रिक स्वरूपाचा नाही.'

सगळी तांत्रिक गोष्ट त्या एका प्रश्नात होती. सहा इंचीला साठात एक ढाळ हा मिस्त्री लोकांचा जुना हिशोब, म्हणजे 30 मीटरला अर्धा मीटर उतार. ड्रिलचं भोक पाइपाच्या साधारण दीडपट असतं. त्यात पाइप कुठे वर राहतो, कुठे खाली बसतो. नळाच्या पाण्यामागे दाब असतो, त्याला चार बोटांचा चढउतार कळतही नाही. मैला फक्त उतारावर चालतो.

काम ड्रिलनेच झालं. मग श्रावणात एका रात्री आमचा नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालचं भांडं, बुडबुडायला लागला आणि वरच्या सगळ्या मजल्यांची घाण आमच्या बाथरूममध्ये उलटली. आई देवघरातल्या वस्तू उचलून कॉटवर ठेवत होती. सकाळी जेटिंगवाल्याने जोराचं पाणी मारून लाइन मोकळी केली. मग आबांनी पहारीने दोन्ही चेंबरची झाकणं काढली. शेजारच्या मुलाला वरच्या चेंबरपाशी बॅटरी घेऊन बसवलं आणि खालच्या चेंबरमध्ये माझा हातातला आरसा तिरका धरला. ढाळ सरळ असेल तर आरशात उजेडाचा पूर्ण गोल दिसतो. आम्हाला दिसली वरची कोर. खालचा सगळा भाग काळं, उभं पाणी. "मधे पोट आलंय," आबा म्हणाले, म्हणजे पाइप मधेच खाली बसलाय, आणि आरसा पुसून माझ्या हातात दिला.

शेवटी खोदलंच. खालच्या चेंबरपासून सुरुवात, दोरी बांधून, पाण्याच्या नळीने लेव्हल घेत. काळी माती काढून तळाला मुरूम ठोकला, वर वीतभर वाळू, प्रत्येक सॉकेटखाली, म्हणजे पाइपाच्या रुंद तोंडाखाली, हाताने खळगी, म्हणजे पाइप पूर्ण अंगाने वाळूवर टेकतो, नुसत्या सॉकेटवर लटकत नाही. सॉकेटचं तोंड चढाच्या बाजूला. माती थराथराने ठोकून भरली. आरशात पूर्ण गोल दिसेपर्यंत आबांनी माती टाकू दिली नाही.

आता तुमचं. आधी कॅमेरा घालून घ्या. लाइनचा ढाळ शाबूत असेल आणि फक्त तडे किंवा मुळं असतील, तर आतून अस्तर करणं उत्तम: रेझिनमध्ये, म्हणजे नंतर कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवलेली फेल्टची पिशवी आत उलटवून गरम पाण्याने किंवा वाफेने कडक करतात. 1971 मध्ये लंडनला पहिल्यांदा झालेली ही पद्धत आहे, नवी नाही. पाइपाचा पार चुराडा झाला असेल तर बर्स्टिंग: जुना पाइप फोडत त्याच जागी नवा ओढतात. त्यात प्रत्येक फ्लॅटची जोडणी खोदून परत जोडावी लागते, हे ठेकेदार बहुधा सांगत नाही. आणि जुन्या लाइनला पोट असेल तर दोन्ही पद्धतींत ते पोट तसंच राहतं. मग खोदा.

माझा ड्रिलवर राग नाही, हेही सांगते. पाण्याची लाइन, गॅस, केबल, वाहता रस्ता ओलांडणं, यासाठी तीच पद्धत योग्य. सोसायटीच्या आतल्या ड्रेनेजला मी ती कधीही घेऊ देणार नाही.

कोणतीही पद्धत घ्या, करारात एवढं लिहून घ्या की शेवटचा हप्ता चेंबर ते चेंबर आरशात पूर्ण गोल दाखवल्यावरच. आणि मीटिंगमध्ये कोणी ढाळाबद्दल विचारलं, तर तो आक्षेप तांत्रिक म्हणूनच नोंदवा. आमच्या मिनिट्समधलं ते वाक्य अजून तसंच आहे. पुढच्या वार्षिक सभेत ते दुरुस्त करण्याचा ठराव मी मांडणार आहे, आबा समोर बसलेले असताना.