कात्रीने कापलेले कार्ड आणि २१,४६० रुपयांची मागणी

प्रश्न : मी धायरीला राहते. फेब्रुवारी २०२३ मध्ये हिंजवडीतील नोकरी सोडताना मी क्रेडिट कार्डाची सर्व बाकी भरली, ग्राहक सेवा केंद्राला फोन करून कार्ड बंद करायला सांगितले आणि घरी येऊन कार्डाचे कात्रीने दोन तुकडे केले. त्यानंतर त्यावर एका रुपयाचीही खरेदी झालेली नाही. आता घरकर्जासाठी अर्ज केल्यावर सिबिल या पतमाहिती संस्थेच्या अहवालात त्याच कार्डाची थकबाकी दिसली. बँक २१,४६० रुपये मागते. त्यात ५०० रुपये वार्षिक शुल्क आणि ९० रुपये जीएसटी अशी ५९० रुपयांची आकारणी तीन वेळा झाली आहे, उरलेले सगळे विलंब शुल्क, व्याज आणि त्यावरचा कर. बिले जुन्या कंपनीच्या ईमेलवर जात राहिली. वसुलीचे लोक सासूबाईंनाही फोन करतात. शिवाजीनगर न्यायालयातील लोक अदालतीची नोटीसही आली आहे. ‘नऊ हजार भरा, मिटवून टाकू,’ असे वसुलीचे लोक म्हणतात. भरावेत का? फोनवर मिळालेला विनंती क्रमांक २०२३ च्या कालनिर्णयच्या पानामागे, दुधाच्या हिशेबाखाली पेन्सिलीने लिहिलेला सापडला आहे.

उत्तर : नऊ हजार रुपये भरू नका. रक्कम लहान आहे आणि घरकर्ज अडले आहे, त्यामुळे मिटवून टाकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु तडजोडीने भरलेल्या रकमेनंतर बँक पतअहवालात त्या खात्यापुढे बहुधा ‘सेटल्ड’ असा शेरा लिहिते. या ग्राहकाने पूर्ण देणे दिले नाही, असाच त्याचा अर्थ पुढची बँक घेते. म्हणजे जे देणे मुळात लागतच नव्हते त्यापायी पैसेही जातील आणि डागही राहील. आपल्याला आकारणी रद्द होऊन खाते ‘क्लोज्ड’ झालेले हवे आहे, आणि शेवटपर्यंत मागणी तीच ठेवावी.

कार्ड कापल्याने खाते बंद होत नाही, हे खरे. खाते बंद होते ते आपल्या विनंतीने, आणि ती आपण केलेली आहे. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, बाकी पूर्ण भरलेली असल्यास कार्ड बंद करण्याची विनंती बँकेने सात कामकाजी दिवसांत अमलात आणायची असते. तसे न झाल्यास, खात्यावर काही येणे नसेल तर, खाते बंद होईपर्यंत दर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो. ही विनंती हेल्पलाइनवरून केली तरी चालते. ती टपालानेच पाठवा असा आग्रह बँकेला धरता येत नाही. शिवाय एक वर्षाहून अधिक काळ न वापरलेले कार्ड ग्राहकाला कळवून बंद करण्याची प्रक्रिया बँकेने स्वतःहून सुरू करावी, असेही त्याच निर्देशांत आहे. आपले कार्ड तीन उन्हाळे निपचित पडून होते आणि बँक त्यावर शुल्क चढवत राहिली.

म्हणूनच पेन्सिलीने लिहिलेला तो क्रमांक जपा. पानाचा स्वच्छ फोटो काढा, मात्र पान फाडू नका. दुधाच्या नोंदींसह ते जसेच्या तसे राहिले तर ती नोंद त्याच महिन्यातली आहे हे दिसते. फेब्रुवारी २०२३ मध्ये बाकी भरल्याची नोंद बचत खात्याच्या विवरणात मिळेल, ती काढून घ्या.

आता बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा आणि तिची पोच घ्या. फोनवर वाद घालत बसू नका, कारण तिथे आपल्या तोंडून निघालेले ‘बघते, थोडे थोडे भरते’ एवढेच पुढच्या माणसाच्या नोंदीत राहते. तक्रारीत पहिल्याच वाक्यात लिहा की ही थकबाकी आपल्याला मान्य नाही. पुढे बाकी भरल्याची तारीख, विनंती क्रमांक आणि त्यानंतर एकही व्यवहार झाला नसल्याचे नमूद करा. त्या दिवशीच्या संभाषणाची ध्वनिमुद्रित प्रत मागा, आणि फेब्रुवारी २०२३ पासूनचे महिनावार विवरण मागा. विवरण हाती आले की एक गोष्ट बारकाईने पाहा. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. आपण खरेदीच केलेली नाही, तेव्हा व्याज कशावर धरले याचे उत्तर बँकेला द्यावेच लागेल. ईमेल बदलल्याचे आपण कळवायला हवे होते, ही त्रुटी आपली आहे, आणि बँक तिच्यावर बोट ठेवेल. तरी, पत्ता चुकला म्हणून न लागणारे शुल्क लागू होत नाही.

बिलाबाबतच्या तक्रारीवर बँकेने जास्तीत जास्त तीस दिवसांत खुलासा आणि गरजेनुसार कागदोपत्री पुरावा द्यायचा असतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विलंब न लावता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करावी. ती ऑनलाइन करता येते, त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, पण एकच प्रकरण दोन्हीकडे चालवता येत नाही. आपल्या प्रकरणात आधी लोकपालाकडे जावे, असे माझे मत आहे, कारण वाद कागदांवरच सुटण्यासारखा आहे.

वसुली प्रतिनिधींना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, आणि कुटुंबीयांना त्रास देण्यासही मनाई आहे. सासूबाईंना आलेल्या फोनची तारीख, वेळ आणि क्रमांक वहीत लिहून ठेवा व तेही तक्रारीला जोडा. घरातल्या वयस्कर माणसाला भीती घालून पैसे काढू पाहणे मला अत्यंत संतापजनक वाटते, आणि बँकेने नेमलेल्या माणसाच्या वर्तनाची जबाबदारी बँकेचीच असते.

लोक अदालतीच्या नोटिशीने बिचकू नका. कागदावर न्यायालयाचे नाव दिसले की पोटात गोळा येतो, परंतु अशी दाखलपूर्व, म्हणजे अजून खटला दाखल न झालेली, प्रकरणे केवळ दोन्ही बाजूंच्या संमतीने मिटतात. तिथे आपल्यावर कोणी रक्कम लादू शकत नाही. तरीही जा, तक्रारीची प्रत दाखवा आणि रक्कम मान्य नसल्याचे सांगा. मात्र न वाचता सही करू नका. लोक अदालतीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील होत नाही.

घरकर्जाचे काम थांबू नये म्हणून सिबिलकडे त्या नोंदीविरुद्ध आजच स्वतंत्र तक्रार नोंदवा. पतमाहितीतील चूक तीस दिवसांत निस्तरली गेली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते. वाद सुरू असलेल्या कार्डाची थकबाकी वाद मिटल्यावरच कळवावी, असेही रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे. बँकेकडील तक्रारीची पोच घरकर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याला दाखवा. काही अधिकारी ती पाहून अर्ज फेटाळण्याऐवजी थांबवून ठेवतात.

प्रश्न : माझ्या कार्डावर मध्यरात्री ३८,४०० रुपयांचा व्यवहार झाला. मी ओटीपी कोणालाही दिलेला नाही. सकाळीच बँकेला कळवले, तरी ‘आधी बिल भरा’ असे सांगतात. (वाचक, चिंचवड)

उत्तर : रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची अशा व्यवहाराची सूचना बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत दिली, तर ग्राहकावर काहीच भार पडत नाही. आपण काही तासांतच कळवले आहे. सूचना मिळाल्यापासून दहा कामकाजी दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा दाखवावी, नव्वद दिवसांत निर्णय द्यावा आणि तोवर व्याजाचा बोजा टाकू नये. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच आहे. १९३० या क्रमांकावर सायबर गुन्ह्याची नोंद केली नसेल तर आजच करा. मात्र त्याच बिलात आपण स्वतः केलेली खरेदी असेल, तर तेवढी रक्कम देय तारखेच्या आत भरून टाका आणि कोणती रक्कम कशापोटी भरली हे बँकेला ईमेलने कळवा.