डिझाइन कॉलेजची फी भरायच्या आधी
हे बघ, मी पुण्यात एका प्रायव्हेट डिझाइन कॉलेजात ४ वर्षं काढलीत, वर्षाला साडेतीन लाख, आणि टायपोग्राफी शिकवायला कोण तर आमच्याच २ वर्षं पुढचा पासआउट पोरगा, बिचारा आदल्या रात्री यूट्यूब बघून यायचा. स्क्रीन प्रिंटिंगचा स्टुडिओ कायम कुलपात, अ‍ॅडमिशनच्या सीझनला तेवढा उघडायचा, पालकांना दाखवायला!

तू आधी बीएफएची, म्हणजे फाइन आर्टच्या डिग्रीची, एएसी सीईटी ही एन्ट्रन्स दे, आणि डिझाइनच्या डिग्रीसाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीडपण. तरी प्रायव्हेटलाच जायचं झालं तर काउन्सेलरचं गोड बोलणं राहू दे, कॅन्टीनमधे थर्ड इयरवाल्यांना गाठ आणि त्यांची कामं बघ. डिग्री कुठल्या युनिव्हर्सिटीची ते लेखी घे. '१०० टक्के प्लेसमेंट'मधे काय काय धरलंय तेपण विचार, आमच्याकडे फ्लेक्सच्या दुकानातली बिनपगारी इंटर्नशिपसुद्धा धरलेली.