वाचकांचे प्रश्न : फ्रेंचमध्ये मजा कशी करायची?

प्रश्न : अकरावीला फ्रेंच घेतलंय. रंगपंचमीवर परिच्छेद लिहायचा आहे. ‘रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) धप्पा (उडी) मारला, खूप मजा आली’ यातल्या मजेला ‘झे माम्यूझे’ चालेल का?
– एक विद्यार्थिनी, पंचवटी, नाशिक

उत्तर : नाही. ‘साम्यूझे’ (मजा करणं) आत्मवाचक, म्हणजे क्रिया कर्त्यावरच वळवणारं क्रियापद आहे आणि पासे कोंपोझेत, म्हणजे पूर्ण झालेल्या क्रियेच्या भूतकाळात, अशा क्रियापदांना साहाय्यक क्रियापद लागतं ते ‘एत्र’ (असणं), ‘आव्वार’ (जवळ असणं) नव्हे. म्हणून ‘झ म स्वी झाम्यूझे’. यातला ‘म’ गाळायचा नाही. नुसतं ‘झे आम्यूझे’ म्हटलंत तर ऐकणारा विचारेल, कुणाला हसवलंस? ‘झे आम्यूझे ले झांफां’ म्हणजे मी मुलांची करमणूक केली.

सर्वनाम कर्त्याप्रमाणे बदलतं : एल से ताम्यूझे (तिने मजा केली), इल स सों ताम्यूझे (त्यांनी मजा केली). ‘नू नू सोम झाम्यूझे’ (आम्ही मजा केली) यामधला दुसरा ‘नू’ चुकून पडलाय असं समजून मुलं तो खोडतात. राहू द्या.

गुण जातात ते पुढे. मराठीत मजा ‘आली’. मुलगा असो वा मुलगी, क्रियापद मजेमागे जातं. फ्रेंचमध्ये ‘आम्यूझे’ मजा करणाऱ्यामागे जातं. तुम्ही मुलगी, म्हणून शेवटी जादा ई. सगळ्या मैत्रिणी असल्या तर ई आणि एस. घोळक्यात एक जरी मुलगा असला तरी फक्त एस. चारही रूपांचा उच्चार तंतोतंत एकच, त्यामुळे तोंडी परीक्षेत निभावतं, पेपरात सापडतं.

‘खूप’साठी ‘बोकू’ किंवा ‘ब्यें’ एत्रच्या रूपानंतर लगेच येतं, वाक्याच्या शेवटी नाही. बोलताना ‘नू’ऐवजी सर्रास ‘ओं’ वापरतात : ओं से ब्यें नाम्यूझे. इथे शेवटी एस द्या वा देऊ नका, दोन्ही मान्य. नकार हवा असेल तर : झ न म स्वी पा झाम्यूझे.

धप्पा मात्र आत्मवाचक नाही, त्याला आव्वारच : ‘नू झावों सोते दां लो’, आम्ही पाण्यात उडी मारली. आणि पाणी कसं होतं हे वर्णन एंपारफेत, म्हणजे तेव्हाची स्थिती सांगणाऱ्या भूतकाळात : ‘लो एते फ्र्वाद, मे ओं से ब्यें नाम्यूझे.’ पाणी गार होतं, पण धमाल केली. परिच्छेदात हे दोन्ही काळ असे शेजारी बसले की वाचायला बरं वाटतं.

प्रश्न : मिसळ खाताना मजा आली, तिथेही साम्यूझेच?
– एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : तर्रीशी खेळत बसला होतात का? खाण्याच्या मजेला ‘स रेगाले’ : झ म स्वी रेगाले. बाईने लिहिलं तर शेवटी ई. एखाद्या जागी मन रमलं तर ‘स प्लेर’ : नू नू सोम प्ल्यू आ नाशिक. कितीही जण असोत, या ‘प्ल्यू’ला ई-एस काही लागत नाही. ‘प्लेर’ म्हणजे ‘कुणाला तरी’ आवडणं, त्यामुळे इथलं सर्वनाम अप्रत्यक्ष कर्म ठरतं.