'टर्न अ ब्लाइंड आय' म्हणजे नेमकं काय? हा इंग्रजी वाक्प्रचार ब्रिटिश नौदलाचा सेनानी नेल्सन याच्यामुळेच आला का?

अर्थ आपल्या 'काणाडोळा करणे'चाच. दिसतंय, कळतंय, तरी मुद्दाम दुर्लक्ष करायचं. अनधिकृत मजला चढताना बघूनही पालिकेचा अधिकारी गप्प बसतो, तिथे हा शोभतो. नजरचुकीने काही राहून गेलं तर तिथे तो चालत नाही.

आता नेल्सन. २ एप्रिल १८०१, डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख सर हाइड पार्कर मोठी जहाजं घेऊन लांब थांबला होता. उथळ पाण्यात शिरून डॅनिश तोफांना भिडला तो त्याच्या हाताखालचा नेल्सन. त्याची तीन जहाजं गाळात रुतली होती. हे बघून पार्करने ३९ नंबरचं निशाण चढवलं: लढाई थांबवा. नेल्सनने फक्त एवढंच विचारलं, की आपलं १६ नंबरचं, म्हणजे 'जवळून भिडा'चं निशाण अजून वर आहे ना? असेल तर तसंच राहू द्या. मग आपल्या जहाजाच्या कॅप्टन फोलीला म्हणाला, मला एकच डोळा आहे, कधीमधी आंधळं असायचा मला हक्क आहे. आणि दुर्बीण उजव्या डोळ्याला लावून, 'मला खरंच निशाण दिसत नाही!' तो डोळा १७९४ साली कॉर्सिकात, काल्वीच्या वेढ्यात निकामी झाला होता. दुर्बिणीची ही गोष्ट त्या वेळी जहाजावर असलेल्या कर्नल विल्यम स्टुअर्टच्या हकिकतीतून आली आहे.

या गोष्टीत कॅप्टन रिऊचं नाव सहसा कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. नेल्सनच्या हाताखालच्या या रिऊच्या फ्रिगेटी, म्हणजे छोट्या युद्धनौका, पार्करच्या जास्त जवळ होत्या. त्याने हुकूम मानला, मागे फिरला. 'नेल्सन आपल्याला काय म्हणेल?' असं तो म्हणाला म्हणतात. जहाज वळताना मागची बाजू उघडी पडली आणि तोफगोळ्याने तो जागीच गेला. लढाई ब्रिटिशांनी जिंकली. पुढच्याच महिन्यात पार्करला परत बोलावून ताफा नेल्सनकडे दिला.

पण वाक्प्रचाराचा जन्म इथला नाही. छापील इंग्रजीत तो या लढाईच्या आधीपासून सापडतो. नेल्सनमुळे तो घरोघरी पोचला, हे श्रेय मात्र त्याचंच.

वाक्यात वापरताना पुढे 'टू' घ्या: 'द पोलीस टर्न्ड अ ब्लाइंड आय टू द गॅम्बलिंग', म्हणजे पोलिसांनी जुगाराकडे काणाडोळा केला.