गूगल फॉर्मला सीएसएस लावून आपल्या वेबसाइटसारखं रूप देता येतं का?

तुमच्या वाचनालयाच्या वाचक-सर्वेक्षणाचा फॉर्म गूगलवर तयार आहे आणि तो संस्थेच्या वेबसाइटच्या रंगरूपात दिसायला हवा, असं तुम्ही लिहिलंय.

गूगल फॉर्म्समध्ये सीएसएस, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणारे नियम, लिहायची सोयच नाही. वरचं चित्र, थीमचा रंग, मोजके फॉन्ट एवढंच हातात असतं. आयफ्रेममधून, म्हणजे एका पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीतून, फॉर्म आपल्या पानावर बसवला, तरी आतलं सगळं गूगलच्या डोमेनवरचं. तुमचं सीएसएस चौकटीची लांबी-रुंदी बदलेल, आतल्या अक्षराला हात लावू शकणार नाही. काही जण स्वतःचा एचटीएमएल फॉर्म करून उत्तरं जावास्क्रिप्टने गूगलकडे पाठवतात. पण उत्तर खरंच नोंदलं गेलं का, हे तुमच्या पानाला कळत नाही. सर्वेक्षणासाठी मी तो मार्ग सुचवणार नाही.

मी अशा कामाला लाइमसर्व्हे हे सर्वेक्षणाचं सॉफ्टवेअर वापरतो. मुक्तस्रोत आहे, पीएचपी ही प्रोग्रॅमिंग भाषा चालणाऱ्या आपल्या सर्व्हरवर टाकता येतं. थीम एडिटरमध्ये मूळ थीम ‘एक्स्टेंड’ करायची आणि नव्या थीमच्या ‘कस्टम डॉट सीएसएस’ या फाइलमध्ये आपले नियम लिहायचे. एखाद्याच प्रश्नाचं रूप बदलायचं असेल, तर त्या प्रश्नाच्या सेटिंगमध्ये सीएसएस क्लास, म्हणजे नियमांत वापरायचं नाव, देता येतो.

आता लिहायचं काय? लोगोचा रंग जुळवायला फार वेळ लागत नाही. खरी मेहनत अक्षरांवर घ्या. इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या थीममध्ये ओळींतलं अंतर कमी असतं. देवनागरीत वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या १.६ पटीच्या आसपास ठेवा. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्यच हवं, नाहीतर शिरोरेषा तुटते. फॉन्ट म्हणून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी चांगले. आयफोनवर उत्तराच्या चौकटीतलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असलं, की टाइप करायला बोट लावताच पान आपोआप मोठं होतं. त्यामुळे त्याखाली जाऊच नका.

तुमचे बरेच वाचक ज्येष्ठ असतील. पर्यायाच्या लेबललाच भरपूर पॅडिंग, म्हणजे भोवती मोकळी जागा, द्या, म्हणजे बारीक गोल नेमका साधावा लागणार नाही, ओळीवर कुठेही बोट टेकवलं तरी पर्याय निवडला जाईल. अक्षर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ ठेवा. फिकट राखाडी सूचना दिसायला छान वाटतात, पण वाचता येत नाहीत. रेडिओ बटणाला संस्थेचा रंग द्यायला ‘ॲक्सेंट-कलर’ ही एक ओळ पुरते. फोकसची बाह्यरेषा, म्हणजे निवडलेल्या चौकटीभोवती दिसणारी रेघ, मात्र काढू नका. कीबोर्डवरून फॉर्म भरणाऱ्याला आपण कुठे आहोत हे तिच्यावरूनच समजतं.

एका गोष्टीबद्दल मी आग्रही आहे. ‘समाधानी’ ते ‘असमाधानी’ अशा पर्यायांना हिरवा-लाल रंग देऊ नका. टूरँजो, कूपर आणि कॉनरॅड या संशोधकांनी वेब-सर्वेक्षणांवर प्रयोग केले होते. मोजपट्टीच्या दोन टोकांना वेगवेगळे रंग दिले, की लोकांची उत्तरं वरच्या टोकाकडे सरकतात, असं त्यांना आढळलं. प्रत्येक पर्यायाला शब्दांत नाव असलं, की हा परिणाम कमी होतो. म्हणून पाचही पर्याय शब्दांत लिहा, एकाच रंगात ठेवा, त्यांच्यातलं अंतरही सारखं असू द्या. आणि एकदा उत्तरं यायला लागली, की सर्वेक्षण संपेपर्यंत ती सीएसएस फाइल उघडू नका.